शुभेच्छांचा मांडव, निषेधाचा मांडव

मी पत्रकं लिहिते. दुसरं काही लिहायला शिकलेच नाही. कॉलेजात असताना शेतमजुरांच्या संघटनेत गेले आणि पहिल्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं की पत्रक एका पानापुढे गेलं की लोक त्यात भजी गुंडाळतात. एका पानाचं असलं तरी गुंडाळतात, पण निदान वाचून गुंडाळतात. तेव्हापासून माझी वाक्यं आखूड झाली. शत्रू पहिल्या ओळीत, मागणी शेवटच्या ओळीत, मधे काय असेल ते. रेशन, रोजगार हमी, फवारणीचे मास्क, विधवांची पेन्शन, सगळ्यांवर लिहिलं. त्यातलं एक पत्रक मात्र मी दरवर्षी छापायचे, फक्त वरचं साल बदलून. मथळा असायचा, ‘दिल्लीला खान्देश दिसत नाही!’

ते पत्रक खोटं होतं. मी खोटं बोलत नव्हते, पण पत्रक खोटं होतं. ते कसं, हे एका पानात बसत नाही, म्हणून हे लिहितेय. यात उद्गारचिन्हं वापरायची नाहीत असं ठरवलंय. कंटाळले मी त्यांना.

धुळ्यात एक जुना धर्मादाय दवाखाना आहे. पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या व्यापारी घराण्यांनी बांधलेला. तिथे फवारणीची विषबाधा झालेल्यांचा वॉर्ड आहे, आणि त्या वॉर्डात एक डॉक्टरीणबाई आहेत. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत त्यांना ‘डॉक्टर अक्का’ म्हणतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. कागदावर कधीच्याच निवृत्त झाल्यात. रोज सकाळी मात्र वॉर्डात हजर.

अक्कांनी काय केलं ते आधी सांगते, कारण आमच्या सभांमधे हे सोडून बाकी सगळं सांगितलं जायचं.

कपाशीवर फवारणी करताना वारा फिरला की औषध अंगावर येतं. माणसाला घाम सुटतो, तोंडातून लाळ गळते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. दवाखान्यात आणला की इंजेक्शनं देतात, दुसऱ्या दिवशी तो उठून चहा मागतो. घरचे म्हणतात, बरा झाला, चला. मग तो घरी जातो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंथरुणातच श्वास थांबून मरतो. लोक म्हणायचे, नशीब. काही डॉक्टरही तेच म्हणायचे, जरा इंग्रजीत.

अक्का तेव्हा नुकत्या वॉर्डात लागल्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं की हे मरण अचानक येत नाही. श्वास जायच्या आधी काही तास त्या माणसाला उशीवरून डोकं उचलता येत नाही. हातपाय हलतात, बोलतो, हसतोसुद्धा, पण डोकं उचल म्हटलं की उचलत नाही. म्हणजे मानेचे स्नायू आधी जातात आणि श्वासाचे नंतर. तेवढा वेळ हातात असतो. तेवढ्यात श्वासाचं मशीन लावलं तर माणूस वाचतो. हे त्यांनी वर्षानुवर्षं, एकेका माणसाचं, तिन्हीत्रिकाळ लिहून ठेवलं. डॉक्टरांच्या एका लहानशा मासिकात ते छापूनही आलं, अर्ध्या पानात, खाली टॉनिकची जाहिरात. जगात आणखी कुठे कुठे लोकांना तेच दिसत होतं. मोठ्या पुस्तकांत त्यांची नावं आली. त्यांचंही खरंच होतं. पण आमच्याकडे ते अक्कांना दिसलं, कोणी शिकवलं नसताना.

त्या वॉर्डाची एक पद्धत आहे. फवारणीचा पेशंट असला की चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, सिस्टर त्याच्या डोक्याखालची कापडाची घडी हलकेच धरते आणि म्हणते, डोकं वर. पेशंटने डोकं उचलायचं, सिस्टर घडी काढून घेते, दहापर्यंत मोजायचं, मग घडी परत खाली. दहाच्या आत डोकं पडलं की मशीन जवळ आणायचं. एवढंच.

माझ्या बापाचं डोकं चारवर पडलं होतं.

मी सातवीत होते. आमचं गाव धरणगावजवळ. बाबा दुसऱ्याच्या शेतात फवारायला जायचे, पाठीवर पंप, तोंडाला रुमाल. तिसऱ्या दिवशी सकाळी ते इतके बरे होते की काकाला म्हणाले, गाडीची वेळ बघ. आई पिशवी भरत होती. सिस्टर आली, म्हणाली, “थांबा हो, पिशव्या नंतर. डोकं वर.” बाबा हसले, म्हणाले, “हाई काय नवीन?” एक, दोन, तीन, चार. त्यांनी आमच्याकडे असं बघितलं की जणू डोकं दुसऱ्याच कोणाचं आहे. त्या दिवशी वॉर्डातलं मशीन दुसऱ्याला लागलेलं होतं, म्हणून आई आणि काका आळीपाळीने हाताने रबरी फुगा दाबत राहिले, बाबांच्या छातीत हवा भरत, मशीन मोकळं होईपर्यंत. बाबा आज घरी आहेत. आता फवारायला जात नाहीत, ओरडतात मात्र भरपूर.

तर मी अक्कांसाठी पत्रक का लिहायचे, हे कोणी विचारू नये.

आता सत्कारांचं. देशात विज्ञानाचा एक मोठा पुरस्कार आहे, आमच्याकडे त्याला ‘दिल्लीचा पुरस्कार’ म्हणतात. चौदाएक वर्षांपूर्वी कोणीतरी एका भाषणात म्हणालं की अक्कांना तो मिळायला हवा. टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणालं, मिळणार आहे. तिसऱ्या वर्षापासून प्रथाच पडली. पुरस्कार जाहीर व्हायच्या आधी महिनाभर अक्कांचा ‘शुभेच्छा सत्कार’ व्हायचा, आणि जाहीर होऊन त्यात अक्का नसल्या की आठवड्याभरात निषेध सभा. दोन्हीला मांडववाला तोच. खुर्च्या त्याच. शुभेच्छांना झालर गुलाबी, निषेधाला पांढरी, एवढाच फरक.

सत्कारातही दोन बाजू होत्या. धुळ्याचा बॅनर म्हणायचा, ‘धुळ्याची शान’. जळगावचा म्हणायचा, ‘जळगावची लेक’, कारण अक्कांचं माहेर तिकडचं. एका वर्षी दोन्ही बॅनर एकाच खांबाला बांधायचे होते, त्यावरून जी बाचाबाची झाली ती मी ऐकली आहे. “अहो, काम कुठे केलं?” “अहो, जन्म कुठे झाला?” अक्का स्टेजवर बसल्या होत्या, मला जवळ बोलावून म्हणाल्या, “दोघांना सांग, मरण दोंडाईच्याला ठेवलंय. तिसरा बॅनर आत्ताच करून घ्या म्हणावं.”

प्रत्येक सत्कारात शाल. अक्का त्या शाली थेट वॉर्डात आणायच्या. पेशंटच्या डोक्याखालची जी घडी म्हणाले ना, ती शाल असते. उशीपेक्षा शाल चटकन ओढता येते, असं सिस्टरचं म्हणणं. जरीकाठ लावलेल्या, रेशमी, लोकरी. एखाद्या मोठ्या पुढाऱ्याच्या हातून पांघरलेली शाल जामनेरच्या कोणा मजुराच्या डोक्याखाली. पाहुण्यांना कधी कधी ओळखू यायची. एक जण रागावलाही होता. अक्का म्हणाल्या, “तुमचीच आहे, तिसऱ्या खाटेवर. फार चांगली सरकते.”

मी हे सगळं बघायचे आणि मला वाटायचं, या बाईला पुरस्काराची काही पडलेली नाही. पत्रकातही तसंच लिहायचे. ‘प्रसिद्धीपराङ्मुख.’ पत्रकात हा शब्द फार चालतो.

मग एका वर्षी जाहीर होण्याच्या दिवशी मी काही कामाने वॉर्डात गेले. अक्कांनी अबोली रंगाची साडी नेसली होती, कडक इस्त्रीची. त्यांचा फोन, जो एरवी खणात पडलेला असतो, तो टेबलावर होता, स्क्रीन वर करून. मी सिस्टरला विचारलं, कोणाचं लग्नबिग्न आहे का. ही सिस्टर त्या वॉर्डात अक्कांइतकीच जुनी. तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, “पत्रकवाली ना तू? मग डोळे बंद ठेवून फिरत जाऊ नको. ही साडी दरवर्षी याच दिवशी निघते. काही विचारू नकोस.”

मी काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मला कळलं की अक्का वाट बघतात. मला आणखी चेव चढला. त्या वर्षीच्या निषेधाला मी कलेक्टर कचेरीसमोर इतकी ओरडले की दोन दिवस आवाज बसला.

आवाज बसला म्हणून घरी गेले होते, गावाला. बाबा ओट्यावर बसून माझं पत्रक वाचत होते. ते वाचतात हळू, बोट ठेवून. वाचून झाल्यावर म्हणाले, “बठ्ठं बरोबर शे. पन अर्ज कोनी करा?”

मी म्हटलं, कोणी केला म्हणजे? कसला अर्ज?

“पुरस्काराना.”

मी हसले. बसलेल्या आवाजात जेवढं हसता येतं तेवढं. म्हटलं, “बाबा, ते काय रेशन कार्ड आहे? इतके मोठे पुरस्कार अर्ज करून नसतात मिळत. तिथे मोठमोठी माणसं बसलेली असतात, त्यांना माहीत असतं.”

“त्यासले कसं माहीत? त्या काय धरणगावले येतस का?”

मी विषय बदलला.

आता हे लक्षात घ्या की मी कोण आहे. माझं निम्मं आयुष्य लोकांचे अर्ज भरण्यात जातं. म्हाताऱ्या बायकांना मी रोज सांगते, मावशी, हक्क असला तरी अर्ज करावा लागतो, सरकार घरी येऊन देत नाही. जोडपत्र अ, जोडपत्र ब, सरपंचाचा दाखला, झेरॉक्सवर सही. आणि त्याच मला, इतकी वर्षं, एकदाही वाटलं नाही की याचाही अर्ज असेल. कारण हा गौरव होता ना. पेन्शन मागायची असते, गौरव आपोआप चालत येतो, असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. चारचौघांत बोलायचं, सत्कार करायचा, बॅनर लावायचा, म्हणजे वरपर्यंत आवाज जातो. मजूर माणसाला तसं वाटत नाही, कारण त्याला आपोआप कधी काही आलेलंच नाही.

तरी बाबांचं वाक्य मनात कुठेतरी राहिलं असणार. त्या पावसाळ्यात मी माहितीच्या अधिकाराखाली दिल्लीच्या कार्यालयाला अर्ज टाकला. माझा हेतू वेगळा होता, तो लपवत नाही. मला नावं हवी होती. कोणत्या समितीने अक्कांना नाकारलं, कोणत्या वर्षी, काय कारण देऊन. पुढच्या पत्रकात नावानिशी छापणार होते. तीन प्रश्न विचारले, मुद्देसूद.

उत्तर आलं, तेव्हा शुभेच्छा सत्काराची तयारी चालू होती. एक पान. त्यात म्हटलं होतं की सदर नावाचं नामांकन कोणत्याही वर्षी या कार्यालयास प्राप्त झाल्याचं नोंदीवरून दिसून येत नाही. प्रश्न दोन आणि तीन उद्भवत नाहीत.

मी ते पान उलटून पाठीमागे बघितलं. पाठीमागे काही नव्हतं.

आधी गेले ती धुळ्याला, दवाखान्याच्या ट्रस्टच्या अध्यक्षांकडे. त्यांना सगळे शेठजी म्हणतात. कापडाचं दुकान, मनाने चांगला माणूस, वॉर्डाला दुसरं मशीन त्यांनीच दिलंय. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला. “बेटा, काहीतरी गडबड आहे. फॉर्म तर जळगाववाल्या डॉक्टर लोकांनी भरला ना?”

“कोण म्हणालं?”

“कोण म्हणालं म्हणजे? डॉक्टरकीचं काम, डॉक्टर लोकच भरणार. आम्ही दुकानदार. आम्हाला काय कळतं त्यातलं? आम्ही सत्कार करतो.”

मग जळगाव. एसटीने पारोळा, एरंडोल करत, रस्त्याचं काम चालू, धुळीने नाकतोंड भरलेलं. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्ष पेशंट तपासता तपासता माझ्याशी बोलले.

“ताई, नामांकन संस्थेने करायचं असतं. संस्था धुळ्याची. आम्ही कसे मधे पडणार?”

“तुम्ही त्यांना कधी विचारलंत, केलं का म्हणून?”

“विचारलं असतं तर म्हणाले असते, जळगाव ढवळाढवळ करतंय. तुम्हाला तो बॅनरचा किस्सा माहीत आहे ना?” मग त्यांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. “खरंच नाही भरला कोणी? इतकी वर्षं?”

“नाही.”

“मी तर दरवर्षी भाषण करतो,” ते म्हणाले. खूप हळू म्हणाले. बाकावरचा पेशंट माझ्याकडे बघत होता, जणू मीच काहीतरी आजार आणलाय.

परतीच्या गाडीत मला कोणाचाच राग येईना. राग हेच माझं काम आहे, तो येईना म्हटल्यावर मला काय करावं कळेना. ज्याच्यावर बोट दाखवावं तो दुसरीकडे बोट दाखवतो, आणि सगळ्यांचं म्हणणं खरं. आणि मी? मी तर दोन्हीकडे जाणारी एकटी होते. दोन्ही मांडवांत माझं पत्रक वाटलं जायचं. एकदा विचारायचं होतं. बाबांनी विचारलं तसं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले. अक्का राउंड संपवून बसल्या होत्या. कागद त्यांच्या हातात दिला आणि उभी राहिले.

त्यांनी वाचला. परत वाचला. मग म्हणाल्या, “म्हणजे कोणी वाचलंच नाही?”

“नाही.”

“एकदाही?”

“नाही, अक्का.”

मला वाटलं, आता चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मला वाटायचं, वाचतात,” त्या म्हणाल्या. “वाचतात आणि बाजूला ठेवतात. तिथे हुशार माणसं असतात. मला वाटायचं, आपल्या कामात काहीतरी कच्चं आहे, ते त्यांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही.”

सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन मागे उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला. “सांगा ना तिला,” ती म्हणाली. “नाहीतर मी सांगते. ऐक गं. तुमची ती निषेधाची सभा झाली की ह्या बाई माळ्यावरचे जुने केसपेपर काढायला लावायच्या. दरवर्षी. एकेक पुडकं सोडून बघायच्या, कुठे चुकलं. धूळ मी खायचे.”

मी बाहेर मांडवात माईक धरून सांगत होते की अक्कांवर अन्याय झालाय. आणि आत अक्का पुडकी सोडून स्वतःची चूक शोधत होत्या. आमच्या प्रत्येक सभेने त्यांना हेच सांगितलं होतं, की तुमचं काम तिथे गेलं, मोजलं गेलं आणि कमी भरलं. आम्ही ‘नाकारलं, नाकारलं’ म्हणून ओरडायचो आणि ते ऐकून ज्या एका बाईला खरंच नाकारल्यासारखं वाटत होतं, तिच्याच नावाचा तो मांडव होता.

मी म्हटलं, “अक्का, चुकलं माझं.”

“तुझं एकटीचं कसं? इतकी मोठी नाहीस तू.” मग म्हणाल्या, “बस. उभी राहू नकोस, पेशंट घाबरतात.”

मी म्हटलं, पुढच्या वर्षासाठीची शेवटची तारीख अजून गेलेली नाही. आजच फॉर्म आणते. शेठजींची सही घेते, जळगावचीही घेते, दोन्ही शहरांना एकाच कागदावर आणते. माझा आवाज परत चढायला लागला होता, मला ऐकू येत होता. अक्का नको म्हणाल्या नाहीत. कागद घडी करून त्यांनी ॲप्रनच्या खिशात ठेवला.

नेट कॅफेतून फॉर्म काढला. पहिलं पान वाचलं, नाव, हुद्दा, संस्था, नामांकन करणाऱ्याची सही. मला अशा फॉर्मची सवय आहे. धावत वॉर्डात आणला. अक्कांनी चष्मा बदलला आणि वाचायला घेतला, पहिल्या शब्दापासून, नियम आणि अटींसकट, जसा त्या केसपेपर वाचतात. मी बोटं मोडत बसले. पाचव्या पानावर त्या थांबल्या आणि फॉर्म माझ्याकडे वळवून बोट ठेवलं.

वयाची अट होती. नामांकनाच्या वर्षी उमेदवाराचं वय पन्नासच्या आत.

“तुमचा पहिला सत्कार झाला तेव्हा मी बासष्टची होते,” अक्का म्हणाल्या.

चौदा वर्षं आम्ही जे मागत होतो, ते पहिल्या दिवसापासून देता येण्यासारखंच नव्हतं. गुलाबी झालर, पांढरी झालर, माझं दरसालचं पत्रक, सगळं पाचव्या पानावर एका ओळीत मावलं.

“आणि पन्नासच्या आत होतात तेव्हा?”

“तेव्हा मला कोण ओळखत होतं? तेव्हा मी मशीन मागत फिरत होते. त्याचे अर्ज मात्र केले हो, खूप केले.” त्यांनी चष्मा काढला. “ह्याचा अर्ज असतो हे मलाही माहीत नव्हतं. विचारलंही नाही कोणाला. वाटायचं, आपण कसं विचारायचं स्वतःसाठी. छापून आलंय, ज्याला कळायचं त्याला कळेल.” मग म्हणाल्या, “पण काम कच्चं होतं म्हणून नाही ना. निदान तसं कोणी म्हटलेलं नाही.”

“नाही, अक्का. तसं कोणीच म्हटलेलं नाही.”

“चांगलं होतं असंही कोणी म्हटलेलं नाही,” त्या म्हणाल्या आणि उठल्या, कारण पाच नंबरच्या खाटेची वेळ झाली होती.

मला वाटलं होतं, निदान यंदाचा सत्कार रद्द होईल. मी सत्कार समितीच्या बैठकीत जाऊन सगळं सांगितलं, दिल्लीच्या उत्तराची झेरॉक्स आणि तो फॉर्म टेबलावर ठेवला. शेठजींनी डोळे पुसले, खरोखर पुसले. जळगावचे डॉक्टरही आले होते, मान खाली. मग एक जण म्हणाला, “पण मांडव तर सांगून झालाय.” आणि अर्ध्या तासात ठराव झाला की यंदाचा बॅनर बदलायचा: ‘पुरस्कारापेक्षा मोठ्या अक्का’. खाली दोन्ही शहरांची नावं, सारख्या अक्षरांत. इतकी एकी मी त्या समितीत आधी कधीच पाहिली नव्हती.

अक्का सत्काराला आल्या. मला त्यांनी आधीच एक काम सांगितलं होतं, म्हणून मी त्या फॉर्मच्या चाळीस झेरॉक्स काढून दारातल्या टेबलावर ठेवल्या होत्या, पाचव्या पानावर वयाच्या ओळीखाली लाल रेघ मारून. नारळ झाला, शाल झाली, भाषणं झाली. अक्का कधी बोलत नाहीत, फक्त हात जोडतात. त्या दिवशी त्यांनी माईक मागितला.

“मला उशीर झाला,” त्या म्हणाल्या. “पण दोन्ही जिल्ह्यांत पन्नासच्या आतले डॉक्टर असतील, काही काही बघत असतील, लिहून ठेवत असतील. त्यांना शाल देऊ नका. दारात फॉर्म ठेवलेत, ते घेऊन जा आणि त्यांच्यासाठी भरा. ते स्वतः नाही भरणार. मी नाही भरला.” आणि बसल्या.

टाळ्या इतक्या पडल्या की माईक शिट्टी मारायला लागला. मग जेवण होतं, शेवभाजी आणि पुऱ्या. लोक टेबलाजवळून जात होते, फॉर्म बघत होते, “छान उपक्रम” म्हणत होते. एकाने एक उचलला, त्याने हात पुसला आणि परत ठेवला. मी तिथेच उभी होते. संपल्यावर मी फॉर्म गोळा केले. एकोणचाळीस होते, तो तेलाचा धरून.

रिक्षात अक्कांनी विचारलं, “कोणी नेला का?”

“एक कमी आहे.”

“वाऱ्याने गेला असेल,” त्या म्हणाल्या. शालीची घडी मांडीवर होती. “तरी मोजलेस ते बरं केलंस.”

पुरस्कार जाहीर व्हायच्या दिवशी मी सकाळीच वॉर्डात गेले. का गेले, माहीत नाही. अक्कांनी रोजचीच सुती साडी नेसली होती, खांद्यावर आयोडिनचा डाग. टेबल मोकळं. फोन खणात. तिसऱ्या दिवसाचा एक पेशंट होता, तिशीचा, अमळनेरकडचा. बायको पिशवी भरत होती, अगदी माझ्या आईसारखी. सिस्टर दुसऱ्या खाटेवर अडकली होती, म्हणून अक्का मला म्हणाल्या, “तू मोज.” त्यांनी शालीचं टोक धरलं. नवीच होती, यंदाच्या सत्काराची.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मांडववाला. “ताई, निषेधाची तारीख सांगा. मला दुसरीकडे लग्न आहे.”

“यंदा नको.”

“का? मिळाला का काय?”

“नाही.”

“मग?”

मला एका ओळीत सांगता येईना. मी फोन बंद केला.

“डोकं वर,” अक्का म्हणाल्या. त्याने उचललं. त्यांनी शाल ओढून घेतली. मी मोजायला लागले. तो छताकडे बघत होता, ओठ दाबून. चार गेले. पाच. सहावर त्याची हनुवटी थरथरली आणि डोकं गादीवर टेकलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला, आणि मग आमच्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते.

“मशीन जवळ आणा,” अक्का शांतपणे म्हणाल्या. सिस्टर धावली. बायको पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. “अक्का, काय व्हयनं? सकाळे तर चांगले व्हतात. बरे व्हतीन ना?”

“होतील,” अक्का म्हणाल्या. “वेळेत दिसलंय.” आणि शाल माझ्या हातात देऊन त्या कामाला लागल्या.